बुडबुडा आणि फुगा

मराठीत बुडबुडा आणि फुगा हे दोन वेगळे शब्द आहेत आणि भौतिकशास्त्राच्या दृष्टीनेही हा भेद अगदी बरोबर आहे. माशांच्या टाकीत तळातून वर येतो तो बुडबुडा: चहूकडे पाणी आणि मध्ये हवेची पोकळी. मुले नळीतून फुंकून उडवतात तो साबणाचा फुगा: आत हवा, बाहेर हवा आणि दोहोंच्या मध्ये पाण्याचा अतिपातळ पापुद्रा. बुडबुड्याला हवा आणि पाणी यांच्या सीमेवरचा एकच पृष्ठभाग असतो. फुग्याला दोन असतात, एक आतल्या अंगाने आणि एक बाहेरच्या. ते केवढे होतात, कसे चालतात, किती टिकतात, हे आत कोंडलेल्या हवेपेक्षा या पृष्ठभागावरच जास्त अवलंबून असते.

पाण्याचे रेणू एकमेकांना ओढून धरतात. पाण्याच्या पोटातल्या रेणूला ही ओढ सगळीकडून सारखी मिळते. पृष्ठभागावरच्या रेणूला वरच्या बाजूने सोबती नसतात. त्यामुळे पृष्ठभाग ताणलेल्या कापडासारखा वागतो आणि आपले क्षेत्रफळ जमेल तेवढे कमी करू पाहतो. शाळेच्या पुस्तकात यालाच पृष्ठीय ताण म्हटलेले असते. ठरावीक हवा कमीत कमी पृष्ठभागात गुंडाळायची तर गोलासारखा दुसरा आकार नाही. हेर्मान श्वार्झ या जर्मन गणितज्ञाने 1884 मध्ये याची काटेकोर सिद्धता दिली. लहान बुडबुडे गोल असतात ते याच कारणाने.

ताणलेला पृष्ठभाग आतल्या हवेला दाबतो, आणि गोल जितका लहान तितका हा दाब जास्त. पाण्यातल्या 1 मिलिमीटर व्यासाच्या बुडबुड्यात हा जादा दाब वातावरणाच्या दाबाच्या जेमतेम 0.3 टक्के भरतो. हाच बुडबुडा मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढ्या त्रिज्येचा झाला, तर पृष्ठीय ताणामुळे त्याच्या आत जवळजवळ दीड वातावरणाइतका जादा दाब असतो. अशा बुडबुड्यातली हवा भराभर पाण्यात विरघळते आणि तो दिसेनासा होतो. लहानाच्या आत दाब जास्त, हा नियम पुढे पुन्हा पुन्हा भेटतो.

बुडबुडा शून्यातून जन्म घेऊ शकत नाही, तेही यामुळेच. अगदी सुरुवातीचा, काही रेणूंएवढा बुडबुडा स्वतःच्याच दाबाखाली चिरडून जाईल. त्याला आधीपासून हवा धरून ठेवलेली एखादी जागा लागते. गोटी सोड्याची गोटी आत ढकलली की बाटलीतला दाब एकदम उतरतो आणि विरघळलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडू पाहतो. तो सोडा ग्लासात ओतून नीट पाहिले तर बुडबुड्यांची माळ नेहमी एकाच ठिकाणाहून सुटताना दिसते. तिथे काचेवर बारीक ओरखडा असतो किंवा पुसायच्या फडक्याचा एखादा तंतू चिकटलेला असतो. त्या फटीत अडकलेल्या हवेत वायू शिरतो, बुडबुडा फुगतो, सुटतो आणि फटीत थोडी हवा मागे ठेवून जातो. मग पुढचा.

चुलीवरच्या आधणातही हेच घडते, फक्त दोन वेळा. पातेले कोमट होऊ लागताच तळाला आणि कडांना जे बारीक मणी चिकटतात ती वाफ नव्हे. गरम पाण्यात हवा कमी विरघळते म्हणून बाहेर पडलेली ती हवा असते. वाफेचे बुडबुडे नंतर येतात. सुरुवातीला ते तळाशी तयार होतात आणि वरच्या थंड थरात शिरताच मिटतात. पातेल्याचा सूं सूं आवाज या मिटण्याचा असतो. सगळे पाणी उकळीला आले की बुडबुडे वरपर्यंत पोचतात आणि आवाज बदलतो.

नळीच्या किंवा छिद्राच्या तोंडाशी बुडबुडा तयार होतो तेव्हा दोन बलांची ओढाताण चालते. पाण्याचे प्लावक बल त्याला वर ढकलते, छिद्राच्या कडेचा पृष्ठीय ताण त्याला धरून ठेवतो. वर ढकलणारे बल जिंकले की बुडबुडा तुटून निघतो. हिशेब केला तर 1 मिलिमीटर व्यासाच्या छिद्रातून हळू सोडलेल्या हवेचा बुडबुडा सुमारे 3.5 मिलिमीटरचा येतो. छिद्र दसपट बारीक केले, म्हणजे 0.1 मिलिमीटरचे, तरी बुडबुडा 1.6 मिलिमीटरच्या आसपासच राहतो, कारण तो छिद्राच्या घनमुळाच्या प्रमाणात लहान होतो. शिवाय इतक्या बारीक छिद्रातून हवा बाहेर ढकलायला जवळजवळ 30 सेंटिमीटर उंचीच्या पाण्याइतका दाब जास्तीचा लागतो. माशांच्या टाकीत हवेच्या नळीच्या टोकाला बारीक रंध्रांचा एअर स्टोन लावल्यावर छोटा पंप दमतो तो इथे.

सुटलेला बुडबुडा वर जातो, पण सरळ जाईलच असे नाही. लिओनार्दो दा विंचीने आपल्या टिपणांत याची नोंद केली होती: मोठे बुडबुडे नागमोडी किंवा मळसूत्रासारख्या वळणांनी वर चढतात. कारणाचा नेमका हिशेब मिळायला पाच शतके लागली. 2023 मध्ये मिगेल हेरादा आणि येन्स एगर्स यांनी दाखवले की पाण्यातल्या हवेच्या बुडबुड्याची त्रिज्या 0.926 मिलिमीटरच्या पुढे गेली की सरळ वाट डळमळू लागते. बुडबुडा किंचित कलतो, वर आलेल्या बाजूची वक्रता वाढते, तिथून पाणी वेगाने वाहते आणि दाब उतरतो. त्या ओढीने तो पुन्हा दुसरीकडे कलतो. त्याहून लहान बुडबुडे ओळंब्यासारखे सरळ वर जातात. घरच्या टाकीत हे दोन्ही प्रकार शेजारीशेजारी पाहता येतात.

वेगाच्या बाबतीत 2 ते 4 मिलिमीटरचे बुडबुडे नळाच्या पाण्यात सेकंदाला साधारण 20 ते 25 सेंटिमीटर चढतात. 0.1 मिलिमीटरचा बुडबुडा त्याच वेळात जेमतेम अर्धा सेंटिमीटर जातो. इथेही पृष्ठभागाची सत्ता चालते. नळाच्या पाण्यात तेलकट, सेंद्रिय अंश असतात. ते बुडबुड्याच्या पृष्ठभागावर जमतात आणि त्याला ताठर करतात, त्यामुळे पाणी त्याच्यावरून घसरत नाही. अतिशुद्ध पाण्यात साधारण मिलिमीटरभराचा बुडबुडा जवळजवळ दुप्पट वेगाने चढतो.

ओढ्याची खळखळही बुडबुड्यांचीच असते. मार्सेल मिन्नार्ट या खगोलशास्त्रज्ञाने 1933 मध्ये दाखवले की पाण्यात नुकताच कोंडला गेलेला बुडबुडा स्प्रिंगसारखा आकुंचन-प्रसरण पावतो: आतली हवा ही स्प्रिंग, भोवतालचे पाणी हे वजन. 1 मिलिमीटर त्रिज्येचा बुडबुडा सेकंदाला सुमारे 3,260 कंपने करतो. मोठा बुडबुडा खालच्या सुरात बोलतो, लहान वरच्या. नळाच्या थेंबाचा बादलीत होणारा टप्प आवाज थेंब आपटल्याचा नसतो. केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी 2018 मध्ये वेगवान कॅमेऱ्याने दाखवले की थेंबाने पाडलेल्या खळग्याखाली एक सूक्ष्म बुडबुडा अडकतो आणि तो वाजतो. बादलीत थोडे भांडी घासायचे लिक्विड टाकले की पृष्ठीय ताण उतरतो, बुडबुडा अडकत नाही आणि थेंब मुका होतो.

माशांच्या टाकीबद्दलचा एक समज इतका पक्का आहे की त्यावर थोडे थांबायला हवे. एअर पंप लावला की बुडबुड्यांतला प्राणवायू पाण्यात जातो आणि मासे तो घेतात, असे बहुतेकांना वाटते. यात तथ्य आहे, पण थोडेच. 40 सेंटिमीटर उंच टाकीत बुडबुडा तळापासून वर यायला दोन सेकंदही घेत नाही. एवढ्या वेळात त्यातला फारच थोडा प्राणवायू विरघळतो. खरे काम बुडबुड्यांची रांग दुसऱ्याच मार्गाने करते. वर चढताना ती आपल्याबरोबर तळाचे पाणी ओढून आणते आणि पृष्ठभागावर फुटताना तो सतत हलवत ठेवते.

हे का लागते, ते आकड्यांतून दिसते. एका लिटर हवेत सुमारे 270 मिलिग्रॅम प्राणवायू असतो. एका लिटर पाण्यात 25 अंश सेल्सिअसला जास्तीत जास्त 8.3 मिलिग्रॅम मावतो, 30 अंशांना 7.5 मिलिग्रॅम. म्हणजे मासा आधीच फार विरळ भांडवलावर जगत असतो, आणि उन्हाळ्यात त्याची गरज वाढते तेव्हाच पाण्याची धारणा कमी होते. शांत पाण्यात वरून आत शिरलेला प्राणवायू नुसत्या विसरणाने खाली जायचा म्हटला तर 10 सेंटिमीटर उतरायला त्याला काही आठवडे लागतील. ढवळणे हाच उपाय. त्यातून माशांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइडही बाहेर पडतो.

बुडबुडे बारीक असावेत, हा सल्ला मात्र योग्यच. 1 घन सेंटिमीटर हवेचा एकच बुडबुडा केला तर त्याचा पृष्ठभाग 5 चौरस सेंटिमीटरही भरत नाही. त्याच हवेचे 1 मिलिमीटरचे बुडबुडे केले तर ते सुमारे 1,900 होतात आणि एकूण पृष्ठभाग 60 चौरस सेंटिमीटरवर जातो. शिवाय बारीक बुडबुडे सावकाश चढतात आणि त्यांना पाण्याशी देवाणघेवाण करायला जास्त वेळ मिळतो. सांडपाणी शुद्धीकरण केंद्रांत हे गणित पैशांत मोजले जाते. 1914 मध्ये मँचेस्टरला अर्डर्न आणि लॉकेट यांनी मांडलेल्या पद्धतीत जिवाणूंना सतत हवा पुरवावी लागते, आणि केंद्राच्या विजेच्या खर्चाचा मोठा वाटा या हवेवरच जातो. तिथल्या टाक्या चार-पाच मीटर खोल असतात. बुडबुड्याचा प्रवास लांबतो, म्हणून तिथे बुडबुड्यातून थेट विरघळणाऱ्या प्राणवायूला खरे महत्त्व येते. कोळंबीच्या उथळ तळ्यांत उलट पाणी उडवणारी चाके फिरताना दिसतात: खोली नसेल तर पृष्ठभाग खळबळवणेच फायद्याचे.

घरच्या टाकीसाठी यातून काही साध्या गोष्टी निघतात. आवाज होतो म्हणून रात्री पंप बंद करणे सर्वांत वाईट, कारण अंधारात पाणवनस्पतीही प्राणवायू वापरू लागतात. मासे पहाटे पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडझाप करताना दिसले तर पाण्यातला प्राणवायू खालावला आहे असे समजावे. पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवावा किंवा नळीत एकाच दिशेने हवा जाऊ देणारी झडप बसवावी. नाहीतर वीज गेल्यावर टाकीतले पाणी नळीतून उलटे पंपात उतरते. एअर स्टोनच्या रंध्रांत क्षार आणि शेवाळ साचून बुडबुडे मोठे आणि एकाच बाजूने येऊ लागले की तो बदलावा.

खाऱ्या पाण्याच्या टाकीत तेच उपकरण वेगळे वागते. क्षारांमुळे बुडबुडे एकमेकांत मिसळत नाहीत, त्यामुळे गोड्या पाण्यापेक्षा तिथे बुडबुडे बारीक आणि दाट दिसतात, जवळजवळ धुक्यासारखे. समुद्राच्या लाटेचा फेस पांढराशुभ्र आणि टिकाऊ असतो, त्यात याचाही वाटा आहे. लाटेतला बारीक बुडबुडा फुटताना त्याचा पापुद्रा उडतो, रिकाम्या खळग्यात पाणी कोसळते आणि मधून एक बारीक कारंजे उसळून खारट थेंब हवेत फेकते. थेंब वाळतात, मिठाचे कण उरतात. किनाऱ्यावरच्या घरांतली लोखंडी गजांची जाळी लवकर गंजते ती या कणांमुळे. वर ढगांपर्यंत पोचलेल्या कणांवर पाण्याची वाफ साकळून ढगाचे थेंब तयार होतात.

आता फुगा. साध्या पाण्याचा फुगा होत नाही. पृष्ठीय ताण कमी पडतो आणि साबण तो वाढवतो, असे अनेकदा सांगितले जाते. हे पूर्णपणे चुकीचे आहे. साबणाने पृष्ठीय ताण वाढत नाही, उलट जवळजवळ एकतृतीयांशावर येतो. साबणाच्या रेणूचे एक टोक पाण्याकडे ओढ घेणारे असते, दुसरे पाण्यापासून पळणारे. असे रेणू पापुद्र्याच्या दोन्ही पृष्ठभागांवर दाटीने उभे राहतात, पळणारी टोके हवेकडे करून. पापुद्रा कुठे ताणून पातळ झाला की तिथले रेणू विरळ होतात, तेवढ्याच जागी ताण वाढतो आणि शेजारचे पाणी त्या कमजोर जागेकडे ओढले जाते. भोक पडण्याआधीच ठिगळ लागते. कार्लो मारांगोनी या इटालियन शास्त्रज्ञाच्या नावाने हा परिणाम ओळखला जातो आणि फुग्याचे सगळे आयुष्य त्यावर उभे आहे.

असे दुतोंडी रेणू वनस्पतीही बनवतात. रिठ्याचा फेस येतो तो त्यातल्या सॅपोनिनमुळे. गावाकडच्या मुलांना साबणाचीही गरज पडलेली नाही. कुंपणाच्या मोगली एरंडाचे पान देठाशी अर्धवट मोडले की मोडलेल्या जागी चिकाचा चकचकीत पडदा ताणलेला दिसतो. त्यावर हळूच फुंकर घातली की फुगा सुटतो. चीक डोळ्यांत किंवा तोंडात जाऊ देऊ नये, आणि या झाडाच्या बिया विषारी असतात, हे मात्र मुलांना सांगायलाच हवे. बोअरच्या दुष्फेन पाण्यात साबणाचा फेस धरत नाही, कारण त्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाचा साका करून टाकतात. भांड्यांच्या लिक्विडला ही अडचण कमी येते.

पापुद्रा काय करतो ते पाहायला काचेची एक बांगडी पुरते. ती साबणाच्या पाण्यात बुडवून उभी धरायची आणि खिडकीच्या उजेडात हलवायची नाही. आधी पडदा नुसता पारदर्शक दिसतो. थोड्याच वेळात वरून आडवे पट्टे उमटू लागतात, गुलाबी, हिरवे, पुन्हा गुलाबी, आणि हळूहळू खाली सरकतात. पाणी खाली निथळत असते आणि वरचा भाग पातळ होत जातो. पापुद्र्याच्या पुढच्या आणि मागच्या पृष्ठभागावरून परतलेले प्रकाशकिरण एकमेकांत मिसळतात. जाडीनुसार काही रंग खुलतात, काही विझतात. याला व्यतिकरण म्हणतात. रंगीत पट्ट्यांच्या जागी पापुद्र्याची जाडी मिलिमीटरच्या काही दशहजारांश भागांएवढी, म्हणजे केसाच्या शंभराव्या हिश्श्याच्या आसपास असते. शेवटी वरच्या कडेला रुपेरी पट्टा येतो आणि त्याच्यावर काळी पट्टी. तिथे भोक पडलेले नसते. पापुद्रा 30 नॅनोमीटरहून पातळ झाला की दोन्ही किरण एकमेकांना जवळजवळ पुसून टाकतात आणि उजेड परतच येत नाही. रॉबर्ट हूकने हे काळे डाग 1672 मध्ये रॉयल सोसायटीपुढे मांडले होते. न्यूटनने फुगा काचेखाली झाकून, वाऱ्यापासून जपून हे रंग क्रमाने टिपले आणि 1704 च्या ‘ऑप्टिक्स’ या ग्रंथात दिले. काळी पट्टी दिसल्यावर पडदा फार काळ राहत नाही. फुटतानाही तो एकदम नाहीसा होत नाही: एका बिंदूशी भोक पडते आणि त्याची कड, पापुद्रा गोळा करत, सेकंदाला 7 मीटर किंवा त्याहून जास्त वेगाने मागे पळते.

म्हणजे फुग्याचे शत्रू दोन, निथळणे आणि वाळणे. घरच्या मिश्रणाची सगळी कृती त्यांच्याविरुद्ध असते. सहा वाट्या पाण्याला एक वाटी भांड्यांचे लिक्विड आणि दोन-तीन चमचे ग्लिसरीन घेऊन, फेस न काढता हलकेच ढवळून रात्रभर ठेवले की चांगले मिश्रण होते. ग्लिसरीन पाणी धरून ठेवते आणि मिश्रण दाट करते, त्यामुळे वाळणे आणि निथळणे दोन्ही मंदावतात. फिल्टरचे पाणी घेतलेले बरे. मोठे फुगे करणाऱ्यांचे गुपित मात्र गवारीत आहे. गवारीच्या बियांपासून निघणारा ग्वार गम, लिटरभर पाण्याला दोन-तीन ग्रॅम, मिश्रणात घातला की त्याच्या लांबलचक रेणूंचे धागे एकमेकांत गुंततात आणि पापुद्रा न तुटता ताणला जातो. अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठात 2020 मध्ये झालेल्या अभ्यासात दिसले की एकाच लांबीच्या रेणूंपेक्षा लहानमोठ्या लांबीचे रेणू मिसळलेले असतील तर पापुद्रा अधिक टिकतो. 2015 मध्ये अमेरिकेत गॅरी पर्लमन यांनी सोडलेल्या विक्रमी फुग्यात 96.27 घनमीटर हवा होती, म्हणजे एका मोठ्या खोलीभर.

हवामानही तितकेच महत्त्वाचे. मुंबईच्या जुलैतल्या दमट सकाळी जे मिश्रण मिनिटभर टिकणारे फुगे देते, तेच नागपूरच्या मे महिन्यातल्या दुपारी नळीच्या तोंडाशीच फुटते. कोरडे बोट लागताच फुगा जातो. बोट साबणाच्या पाण्यात भिजवले तर ते फुग्यात आरपार घालता येते. पाण्याचे बाष्पीभवन आणि निथळणे दोन्ही अडवले तर काय होते, ते फ्रान्समधल्या लील येथील संशोधकांनी 2022 मध्ये दाखवले. त्यांनी पाणी-ग्लिसरीनच्या पापुद्र्यावर प्लॅस्टिकच्या सूक्ष्म कणांचे कवच चढवले. एक असा फुगा 465 दिवस टिकला.

फुगे एकत्र आले की भूमिती बदलते. बेल्जियमच्या जोझेफ प्लातो यांनी, दृष्टी गेल्यावरही सहकाऱ्यांच्या डोळ्यांनी प्रयोग करत, 1873 च्या ग्रंथात त्याचे नियम मांडले: एका कडेशी नेहमी तीनच पडदे भेटतात, एकमेकांशी 120 अंशांत, आणि एका बिंदूशी चारच कडा भेटतात, सुमारे 109.5 अंशांत. कपडे भिजवलेल्या बादलीतल्या फेसात कुठेही पाहिले तरी हेच कोन सापडतात. दोन फुग्यांमधला सामाईक पडदा लहान फुग्याकडून मोठ्याकडे फुगलेला असतो, कारण लहानात दाब जास्त. याच दाबामुळे फेस स्थिर राहत नाही. लहान फुग्यांतली हवा पापुद्र्यांतून झिरपत शेजारच्या मोठ्यांत जाते. लहान आणखी लहान होत संपतात, मोठे वाढतात. संध्याकाळी बारीक, दाट आणि पांढरा असलेला बादलीतला फेस सकाळी पाहावा: मधला भाग गेलेला असतो आणि कडेला चिकटून दोन-चार मोठे, पातळ, रंगीत फुगे उरलेले असतात.